मागचा डावा कोपरा

माझ्या तोंडात उरलेल्या सात दातांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर सातही दात आजच्या आज पडोत आणि उद्यापासून मी दुधात पाव भिजवून खाईन. माझी थोरली म्हणते, "आई, तू नुसती दारापर्यंत जाऊन आलीस तरी एक अपघात आणि दोन भुतं बरोबर घेऊन येतेस." म्हणू दे. तिनं नाक वडिलांचं घेतलंय आणि संशय माझ्या सासूचा. पण या खेपेला अपघात खराच झाला. आणि भुताचं म्हणाल तर ते भूत नव्हतंच, तो माझा नवरा होता.

सकाळी दहाच्या सुमाराला मी मानेच्या डॉक्टरकडं निघाले होते. मान दोन वर्षं वळत नाही. म्हणजे वळते, पण जुन्या बिजागरीसारखी कुरकुरत, आणि खांद्यापर्यंत यायच्या आधीच थांबते. पोस्टासमोर सिग्नल आहे, तिथून डावी लेन पुलाखाली जाते. मला डावीकडंच जायचं होतं. इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं. आरशात मागची बस होती आणि बसच्या ड्रायव्हरची जांभई. मग सवयीनं विचारलं, "मोकळं?" डाव्या सीटवरून उत्तर आलं, "मोकळं." मी स्टिअरिंग फिरवलं आणि टक् झालं. मोठा आवाज नव्हता. ओल्या बोटानं कुणी दार एकदाच वाजवावं आणि मग विचार बदलून निघून जावं, तसं. मागच्या डाव्या कोपऱ्यात. मी थांबले नाही. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढं सांगताना जीभ अडेल. थांबले नाही, कारण मोकळं म्हटलं होतं. मोकळं म्हटलं म्हणजे तिथं कुणी नसतं, आणि जिथं कुणी नसतं तिथं टक् होत नाही, असा हिशेब मी पुलाखालून जाता जाता मनाशी चारदा केला आणि चारही वेळा तो बरोबर आला. डॉक्टरच्या दारात गाडी लावून उतरले. डाव्या मडगार्डवर बोटभर लांब हिरवा ओरखडा होता. हात लावला तर रंग बोटाला आला. मी वाकून डाव्या सीटकडं पाहिलं. सीट रिकामी होती. असणारच, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

आता गाडीचं सांगते. पुढं दोन सीट, मागं पिशव्या ठेवण्यापुरती फळी, आणि वर उघडमीट होणारा टप. टप म्हणजे लोखंडी कामट्यांवर ताणलेलं काळं मेणकापड. आमच्या घरी ती आली तेव्हाच जुनी होती, आणि आली कुठून, तर नाटकातून. हसू नका. आमचे हे नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत पडद्याच्या घडीत उभं राहायचं, हातात वही, वहीवर मिणमिणता दिवा, आणि नट अडखळला की पुढचा शब्द अशा मापात सोडायचा की तो नटाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही. कंपनीत त्यांना सगळे कुजबुजराव म्हणायचे. एका नाटकात नायक-नायिका मोटारीतून पळून जातात. मालकानं हौसेनं खरी मोटार आणली, रंगमंचाला वजन पेलवेना म्हणून तिचं इंजिन उतरवलं आणि ती मधोमध उभी केली. मागं झाडं रंगवलेलं कापड दोन माणसं रुळावर फिरवायची. तीनशे अकरा प्रयोग झाले, गाडी बोटभर हलली नाही, आणि लोक घरी जाताना म्हणायचे, काय भरधाव सोडतो हो. कंपनी बंद पडली तेव्हा मालक म्हणाला, ज्याला जे हवं ते घेऊन जा. कुणी तलवारी नेल्या, कुणी सिंहासन. एकानं कापडी चंद्र मागितला, पण तो सापडला नाही, कारण तो मोटारीच्या डिकीत होता आणि मोटार हे ढकलत ढकलत आमच्या घरी घेऊन आले होते. "अगं, तुला चालवता येते ना," म्हणाले. स्वतःला येत नव्हती. त्यांना फक्त पुढचा शब्द सांगता यायचा.

मला येत होती. माझे वडील दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. सोळाव्या वर्षी त्यांनी मला शिकवलं आणि शिकवताना एकच गोष्ट शंभरदा सांगितली, आरशावर जाऊ नको, मान वळव. आरसा मागचं दाखवतो आणि बाजूचं गिळतो. त्या गिळलेल्या जागेला ते आंधळा कोपरा म्हणायचे. आत पेशंट कण्हत असला तरी ते मान वळवायचेच, नाहीतर एकाचे दोन पेशंट होतील म्हणायचे. पण या गाडीत टप लावलेला असताना मान वळवून दिसणार काय? मागच्या खिडकीत काचेऐवजी प्लास्टिक, तेही म्हाताऱ्या नखासारखं पिवळं पडलेलं. खांद्यामागं हातभर रुंद नुसतं काळं कापड. त्या कापडाआड सायकल मावेल, सायकलवरचा माणूस मावेल, शाळेची सबंध रांग मावेल. उतरवलेलं इंजिन मेकॅनिककडून परत बसवून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात मी रडकुंडीला आले. वळणावर गाडी उभी करायची, मागून भोंगे, आणि मी नुसती घामाघूम. तेव्हा हे म्हणाले, "डावीकडचं माझ्यावर सोड. तू विचार, मी सांगतो." झालं, तेव्हापासून आमचं ठरलं. मी विचारायची, मोकळं? ते मागं मान टाकून क्षणभर गप्प राहायचे आणि सांगायचे, मोकळं. कधी म्हणायचे, थांब. मग मी थांबायची. एकतीस वर्षं अशी काढली. चार चार दिवस अबोला असला तरी गाडीत हे दोन शब्द चालायचे. एकदा तर मी कायमची माहेरी निघाले होते. डिकीत माझी ट्रंक, डोळ्यांत पाणी, आणि डाव्या सीटवर हेच, कारण माहेरच्या वाटेवर सहा डावी वळणं होती. सहाही वळणांवर तोंड फुगवून मी विचारलं आणि तोंड फुगवून त्यांनी सांगितलं. सहावं झालं आणि मला हसू फुटलं. तिथूनच गाडी फिरवली.

ते गेले तेव्हा हातात कप होता आणि वर्तमानपत्राचं पान अर्धं उलटलेलं. जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं दिली, स्वतः जाताना एक वाक्य म्हटलं नाही. महिन्याभरानं मी गाडी बाहेर काढली. कोपऱ्यावर आले, तोंडातून निघून गेलं, मोकळं? आणि आलं की उत्तर. कानात नाही, कानाच्या जरा बाहेर, डावीकडून, पहिल्या रांगेला जाणार नाही अशा मापात. घाबरले का म्हणाल तर नाही. नवऱ्याला घाबरायचं वय केव्हाच सरलं होतं. मी मुकाट्यानं गाडी वळवली, आणि त्या दिवशी उगीचच गावाला तीन चकरा मारल्या, सगळी डावी वळणं घेत. पुढं उन्हाळा आला. थोरली म्हणाली, "टप उघड की, आत शिजशील." तो टप एकट्यानं उघडत नाही, दोन बाजूंना दोन माणसं लागतात, दोन खटके एकदमच सोडावे लागतात. इतकी वर्षं ते दुसरं माणूस हे होते. त्या दिवशी थोरलीनं हात लावला. मी छान वाऱ्यातून निघाले, कोपऱ्यावर विचारलं, आणि उत्तर आलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वारा होता, ऊन होतं, मागचा सगळा रस्ता अगदी स्वच्छ दिसत होता आणि सीट रिकामी होती. घरी आले, थोरलीला हाक मारून टप लावून घेतला आणि म्हटलं, उन्हानं डोकं दुखतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर होते. तेव्हापासून टप बंद. पावसात बंद, उन्हात बंद. आतमध्ये भट्टी व्हायची, मी पदरानं मान पुसायची आणि विचारायची.

असं असताना टक्. डॉक्टरनं मान दाबली, हलवली, म्हणाला, "आजी, मान वळवत चला, सवय गेलीय तिची." मला टक् ऐकू आलं. घरी चमचा कपाला लागला, टक्. थोरलीनं शाळेच्या वह्या टेबलावर ठेवल्या, टक्. झोपाळलेल्या दुपारी माझीच कवळी पेल्यात सोडली, टक्. आणि ती कवळी पाण्यात बघून वाटलं, तिकडं कुणाचा तरी जबडा असाच रस्त्यावर पडला असेल. मी वर्तमानपत्रातला अपघातांचा कोपरा वाचायला लागले. एक ट्रक, एक म्हैस, दोन दारुडे. सायकल नव्हती. म्हणजे मेलं कुणी नाही, असं मी स्वतःला सांगायची. मग दुसरा विचार यायचा, तो पहिल्यापेक्षा वाईट. त्यांनी मोकळं म्हटलं होतं. म्हणजे ते चुकले. एकतीस आणि दोन, तेहेतीस वर्षांत न चुकलेला माणूस मेल्यावर कसा चुकेल? की चुकला नव्हता असं मीच धरून चालले होते? मला आठवायला लागलं ते सगळंच वेगळं दिसायला लागलं. त्यांनी फुशारकीनं सांगितलेली एक गोष्ट आठवली. एकदा भर प्रयोगात नट अडला, आणि यांच्या वहीची पानं विसकटलेली, जागाच सापडेना. तर यांनी सरळ सुचेल ते वाक्य सोडून दिलं, ठाम आवाजात. नटानं उचललं, समोरच्या नटीनं सांभाळलं, नाटक पुढं गेलं. "अगं, थांबला असता तर मेला असता," म्हणाले. "प्रॉम्प्टरनं बरोबर बोलण्यापेक्षा वेळेवर बोलायचं असतं." तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता अंथरुणात उताणी पडून ते वाक्य छताकडं बघत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

शेवटी मी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. नवऱ्याची परीक्षा घेणं नवं नव्हतं, मेलेल्याची पहिल्यांदाच घेत होते. घरामागं फरशीचं अंगण आहे, गाडी तिथंच असते. थोरली शाळेत गेली तशी मी बादली उचलून मागच्या डाव्या चाकाशी ठेवली, गाडीत बसले, दार लावलं. "मोकळं?" "मोकळं," ते म्हणाले. उतरले, बादलीमागं खुर्ची ठेवली. पुन्हा विचारलं. मोकळं. शिडी आणून आडवी टाकली, तिच्यावर कपडे वाळत घालायचा स्टँड. "नीट बघून सांगा," असं मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना म्हटलं. तोच क्षणभराचा गप्पपणा, तोच आवाज, जराही न अडखळता, मोकळं. मी म्हटलं, "अहो, एकदा तरी थांब म्हणा. सवड आहे, मागं कुणी भोंगा वाजवत नाही." मोकळं. तेवढ्यात कुणी टपावर चापट मारली. मी उतरले तर शिडी, खुर्ची, बादली, आणि त्यांच्या मधोमध माझी थोरली, खांद्याला पर्स.

"कुणाशी बोलतेस?"

"तू कधीपासून इथं उभी आहेस?"

"वह्या विसरले म्हणून परत आले. खुर्ची आणलीस तेव्हा दारात होते, शेवटचं आत बसलीस तशी इथं आले. म्हटलं बघू तरी, म्हातारी दुकान मांडतेय की काय."

म्हणजे ती तिथं उभी होती. स्वतःची मुलगी त्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, मोकळं. मी फरशीवरच बसले. थोरलीनं पाणी आणलं, मग मडगार्डकडं पाहिलं, मग माझ्याकडं. गणित शिकवते ती, तिला आकडे मांडावे लागत नाहीत. "हे काय लागलंय?" म्हणाली. मी म्हटलं, "रंग." "कशाचा?" "हिरवा." ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "आई, चावी दे." मी म्हटलं, "दोन दिवसांनी देते. आधी मला हिरवं काय होतं ते बघू दे." एरवी तिनं वाद घातला असता. पण माझा चेहरा बघून म्हणाली, "दोनच. तिसऱ्या दिवशी मीच घेणार, आणि तेव्हा आई-बिई बघणार नाही."

पोस्टासमोर किल्लीवाला बसतो. छत्री, लोखंडी पेटी आणि तारेत ओवलेल्या किल्ल्यांचा भला मोठा झुबका. मी चालत गेले. ऊन नको म्हणून छत्रीत शिरले आणि विचारलं, गेल्या आठवड्यात इथं कुणी पडलं का. त्यानं कानस खाली ठेवली नाही. "पडली की. हिरवी सायकल. समोरच्या माडीवर दात बनवतात ना, त्यातली बाई. पडली, उठली, हात धरून बसली. शिव्या अशा दिल्या की मी दोन नव्या शिकलो."

"हाताला काय झालं?"

"मनगट गेलं. पांढरं प्लास्टर घालून फिरते."

"आणि गाडी?"

"गाडी गेली तशीच. काळ्या टपाची. असला टप गावात एकच आहे, आजी." मग त्यानं वर पाहिलं. "तुमचीच ना?"

"माझ्या नणंदेची," मी म्हटलं. मला नणंद नाही.

"मग नणंदेला सांगा," तो पुन्हा घासायला लागला, "की गाडी थांबवायला ब्रेक असतो."

समोरच माडी होती. पण मी तशीच घरी परत गेले आणि गाडी घेऊन आले. पायी गेले असते तर नुसती एक म्हातारी दारात आली असती, तिला काय, पाणी पाजून परत पाठवलं असतं. टप दिसायला हवा होता. जिना अरुंद आणि वर चढेल तसा प्लास्टरचा ओला वास. खोलीत खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर जबडेच जबडे. वरचे, खालचे, वाफाळलेल्या मेणाच्या वाटीभोवती सगळे तोंड उघडून बसलेले, जणू कुणाची तरी गोष्ट ऐकताहेत. बाई चाळिशीची असेल. उजवा हात गळ्यात, डाव्या हातात बारीक सुरी, जबड्यावर मेणाचा दात कोरत होती आणि जबडा टेबलावरून घसरत होता. माझ्याकडं न बघता म्हणाली, "माप द्यायचंय का? मागच्या दाढा देते, समोरचे दात महिन्यानंतर. डाव्या हातानं समोरचे जमत नाहीत. दाढा कशाही झाल्या तरी तिथं कोण बघतं."

मी म्हटलं, "काळा टप माझा."

सुरी थांबली. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. शिव्या येतील म्हणून मी वाट बघत होते, आल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "मागं बघितलं नाहीत?"

"आमच्यात ते बघायचे."

"कोण ते?"

"मिस्टर. डाव्या सीटवरून. त्यांनी मोकळं म्हणून सांगितलं."

"मग त्यांना का नाही आणलं? खाली बसलेत का?"

"ते वारले. दोन वर्षं झाली."

टेबलावरचे सगळे जबडे उघडेच राहिले. बाईनं सुरी पुसली, ठेवली, तिची टाचणीएवढी बारीक नजर माझ्यावर. वेड्या बाईला घरी पोचवायला कुणाला बोलवावं असा विचार ती करत असावी. पण दात बनवणाऱ्यांना एक खोड असते, बसत नाही ते तोंडात घालून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ती म्हणाली, "चला. कुठून बघायचे ते दाखवा." जिना उतरता उतरता मी तिला सगळं सांगितलं, विंग, दिवा, माहेरची सहा वळणं, उन्हाळ्यात गेलेला आवाज, बादली, खुर्ची. ती हूं हूं करत होती. खाली आल्यावर तिनं डावं दार उघडलं आणि म्हणाली, "बसा."

"तुम्ही बसा की."

"मी काय करू बसून? ते काय बघत होते ते तुम्हाला बघायचंय."

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या सीटवर मी जन्मात बसले नव्हते. ड्रायव्हर मी, मी तिथं कशाला बसेन. सीट त्यांच्या अंगाच्या आकाराची दबलेली होती, मी त्या खड्ड्यात शिरले. बाई वळसा घालून स्टिअरिंगपाशी बसली, प्लास्टरचा हात चाकावर टेकवून. "विचारू?" म्हणाली. "मोकळं?" मी त्यांच्यासारखी मागं मान टाकली. मान कुरकुरली, पण वळली, कारण वळायलाच हवी होती. आणि मला दिसलं काळं कापड. नाकासमोर काळं कापड, त्यावर त्यांनीच एकदा घातलेले पांढऱ्या दोऱ्याचे टाके. बाजूचं प्लास्टिक पिवळं, त्यातून समोरच्या भिंतीचा रंगसुद्धा कळेना. मी पुढं झाले, मागं झाले, खाली वाकले. कापड. तिथून जर कुणी नीट दिसत असेल तर ते फक्त गाडी चालवणारं माणूस. तिथून कधीच काही दिसत नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं.

"मग थांब कसं म्हणायचे?" मी स्वतःलाच विचारलं, पण मोठ्यानं.

बाहेरून एक बस गेली, मग एक स्कूटर. "ऐकून," ती म्हणाली. "आत्ता बस गेली ती मला कळली, न बघता. स्कूटर कळली. कानाचंच काम होतं ना त्यांचं." मग तिनं प्लास्टर जरा वर उचललं. "सायकलला आवाज नसतो, आजी."

एकतीस वर्षं. मी तिथं त्यांच्या खड्ड्यात बसून मोजायचा प्रयत्न केला, किती वळणं, किती सायकली, किती पोरं दप्तरं घेऊन. थोरली तीन वर्षांची मागच्या फळीवर, तिच्या हातात फुगा. मी चाक फिरवतेय निर्धास्त. आणि डाव्या सीटवर एक माणूस श्वास रोखून ऐकतोय, काही ऐकू आलं नाही की ठाम आवाजात सोडून देतोय पुढचा शब्द, कारण बायको वळणावर थांबली की रडते. प्रत्येक वेळी त्याच्या पोटात काय होत असेल? मला एकदाही दिसलं नाही. मी समोर बघत होते. मी त्यांना तिथंच म्हटलं, मनातल्या मनात, दिसत नाही म्हणाला असतात तर मी उतरून बघितलं असतं हो. काही उत्तर आलं नाही. तो प्रश्नच नव्हता.

मग बाई म्हणाली, "आता हा टप उघडू या. तुम्ही तिकडनं, मी इकडनं." माझे दोन हात आणि तिचा एक, असे तीन. एकदम खटके सोडले आणि टप मागं पडला, धाडकन, साठलेली धूळ उडाली. सूर्य थेट सीटवर. किल्लीवाला छत्रीतून उठून बघायला आला. बाई डाव्या सीटवर बसली, मी स्टिअरिंगवर. सिग्नलला मी विचारलं, "मोकळं?" ती म्हणाली, "स्वतः बघा." मी मान वळवली, कुरकुरत. सगळा रस्ता तिथं होता, बस, पोरं, एक कुत्रं, एक म्हातारा फुलांची कुंडी घेऊन. त्याला जाऊ दिलं आणि मग वळले. आमचे केस असे उडत होते की माणसं वळून बघत होती. बाईला घरी सोडलं, तिथून पुढं गावाच्या बाहेरपर्यंत गेले. तेव्हापासून टप उघडाच आहे. आवाज येत नाही. नाही तर नाही.

बरं. इतका वेळ ऐकलंत, तर एक सांगून टाकते. सगळं खरं आहे, एवढं सोडून. टप आम्ही उघडला नाही. बाईनं तिच्या बाजूचा खटका सोडला. मी माझ्या खटक्यावर अंगठा ठेवला. ती म्हणाली, "सोडा." मला सोडता येईना. अंगठा दाबलेला, तो तसाच. तिनं टपावरून माझ्याकडं पाहिलं. जिन्यात तिला सगळं सांगून चुकले होते, त्यामुळं काही विचारायचं उरलं नव्हतं. मी म्हटलं, "राहू द्या." तिनं तिचा खटका डाव्या हातानं परत लावला, तिसऱ्या खेपेला बसला, आणि बस पकडायला चालत गेली. मी घरी आले ती एकही डावं वळण न घेता. उजवीकडं, पुन्हा उजवीकडं करत, अडीच तास लागले. थोरली अंगणात उभी होती. तिनं हात पुढं करायच्या आधी मी चावी तिच्या हातात ठेवली.

सकाळी आता मी चालत त्या माडीवर जाते. बाई डाव्या हातानं कोरते, मी जबडा घट्ट धरून बसते, घसरू नये म्हणून. समोरचे दातही जमायला लागलेत, जरा वाकडे येतात. दुपारी परत येते आणि गाडीत जाऊन बसते, टपाखाली, त्यांच्या सीटवर नाही, माझ्याच. विचारत मात्र काही नाही. गाडी उभी आहे, कुठं वळायचं नाही, तेव्हा त्यांनाही उगाच खोटं बोलावं लागत नाही.